गुडबजेट: वीस पाकिटे, दोन फोन आणि एक भोपळा

आमच्या घरात पैशांवरून होणारे भांडण पूर्वी महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास होत असे. गुडबजेट हे घरखर्चाच्या हिशोबाचे ॲप वापरू लागल्यापासून ते एक तारखेला होते. दीड वर्षाच्या वापरानंतर या ॲपचा सर्वांत मोठा गुण कोणता असे कोणी विचारले, तर मी हाच सांगेन. पंचवीस तारखेचे भांडण खर्च होऊन गेलेल्या पैशांचे असते आणि त्यात एकाला फिर्यादी व दुसऱ्याला आरोपी व्हावेच लागते. एक तारखेचे भांडण अजून हातात असलेल्या पैशांचे असते, त्यामुळे आवाज चढले तरी त्यातून काहीतरी ठरते. ज्या जोडप्यात पैशांवरून कधी शब्दाला शब्दही लागत नाही, त्याला या ॲपची गरज नाही. मात्र असे जोडपे माझ्या पाहण्यात नाही.

मी मूळची वसईची, कॅथलिक. माझे पती अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, प्रोटेस्टंट. मिश्र विवाहाची रीतसर परवानगी घेऊन माझ्या माहेरच्या चर्चमध्ये आमचे लग्न झाले, त्याला अकरा वर्षे झाली. आम्ही पुण्यात राहतो. ते चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, मी शाळेत शिकवते आणि आमची मुलगी तिसरीत आहे. दोघांचे मिळून महिन्याला १,०१,५०० रुपये हातात येतात आणि त्यांतले २७,६०० रुपये घराच्या कर्जाच्या हप्त्याला जातात. हे आकडे मी मुद्दाम देत आहे. हिशोबाच्या ॲपविषयीचे बहुतेक अभिप्राय लिहिणाऱ्याची मिळकत न सांगता लिहिलेले असतात, आणि मग त्यातली स्तुती आपल्या घराला कितपत लागू पडते, हे वाचणाऱ्याला ताडता येत नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांत देव एकच असला तरी पैशांचे वळण वेगळे असते, हे मला लग्नानंतर कळले. माझे आजोबा पानवेलीचे बागायतदार होते. वसईतल्या आमच्या समाजाने १९१८ साली बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली, आणि बागेचा पैसा आधी बँकेत व मग घरात, ही शिस्त आजोबांच्या पिढीच्या अंगवळणी पडली होती. चर्चला देणे मात्र प्रसंगाप्रसंगाने होत असे: रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, दानाची पिशवी फिरली की त्यात, धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या सणाला वर्गणी म्हणून, घरातल्या मृतांसाठी मिस्सा सांगितली की त्या वेळी. चर्चच्या गरजांना प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे हातभार लावावा, एवढाच आमच्याकडचा नियम आहे. त्यात टक्केवारी नाही. सासरी मात्र दशमांश होता. सासूबाई कोंबड्या पाळत, आणि अंडी विकून आलेल्या दर दहा रुपयांतला एक रुपया कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात पडल्याशिवाय उरलेल्या नऊ रुपयांना त्या हात लावत नसत. दशमांश भांडारात आणण्याविषयीचे बायबलमधले मलाखीचे वचन त्यांना पाठ होते, आणि मिझोराममध्ये घराघरांत स्वयंपाकाचे तांदूळ मोजताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात हेही त्या कौतुकाने सांगत. देणे हे उरल्यावर करायचे नसते, ते आधी करायचे असते, असा त्यांचा हिशोब होता.

लग्नानंतर कित्येक वर्षे या दोन पद्धती आमच्या घरात शेजारी शेजारी, एकमेकींना ओळख न देता नांदत होत्या. पगार झाला की माझ्या पतींच्या खात्यातून दशमांश नगरच्या मंडळीकडे, म्हणजे त्यांच्या चर्चकडे, जात असे आणि मी तो त्यांचा खर्च धरत असे. माझ्या पर्समधून धर्मग्रामासाठी जे जाई, ते त्यांच्या लेखी माझे होते. आम्ही दोघेही देवाला देत होतो आणि एकमेकांना त्याचा हिशोब देत नव्हतो. महिनाअखेरीस किराण्याचे बिल क्रेडिट कार्डावर ढकलावे लागे, तेव्हा प्रत्येकाचे बोट दुसऱ्याच्या देणगीकडे वळत असे, आणि ‘देवाच्या पैशांवर बोलायचे नाही’ या एका वाक्यावर विषय बंद होई.

गुडबजेट आले ते या पार्श्वभूमीवर. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डेस्प्रिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीचे हे ॲप पूर्वी ‘ईबा’ या नावाने ओळखले जात असे. त्यामागची पद्धत पाकिटांची, म्हणजे आपल्याकडे पगार रोख मिळत असे त्या काळातली आहे. पगाराचे पाकीट घरी आले की त्याचे दूध, भाडे, किराणा, शाळा असे भाग करून ते वेगवेगळ्या डब्यांत किंवा पाकिटांत ठेवायचे, आणि ज्या डब्यातले पैसे संपले तो खर्च त्या महिन्यापुरता थांबला, असे मानायचे. ॲपमध्ये ही पाकिटे पडद्यावर दिसतात. महिन्याच्या सुरुवातीला हातात आलेली रक्कम त्यांत वाटून भरायची, खर्च झाला की तो योग्य पाकिटातून वजा करायचा, आणि मर्यादा ओलांडली की पाकिटासमोरची पट्टी लाल होते. बँकेतला खरा पैसा कुठेही हलत नाही. कोणता रुपया कोणत्या कामासाठी आहे, एवढेच ॲप लक्षात ठेवते.

विनामूल्य योजनेत वीस पाकिटे, एक बँक-खाते, दोन फोन आणि एक वर्षापर्यंतचा मागचा हिशोब मिळतो. दोन फोन हा आकडा जणू नवरा-बायकोकडे पाहूनच ठरवला असावा. दोघे एकाच लॉगिनने आत जातात. मी भाजीवाल्यासमोर उभी राहून १२० रुपये नोंदवले, की चाकणला त्यांच्या फोनवरही त्या पाकिटातले १२० रुपये कमी झालेले दिसतात. त्यात एक मुख्य आणि दुसरा दुय्यम अशी उतरंड नाही, हे मला विशेष आवडले. नवरा कुटुंबाचे मस्तक असल्यामुळे पैसाही त्याच्याच हाती असावा, अशी शिकवण आपल्या काही मंडळ्यांमध्ये आजही दिली जाते. तेच शिक्षक बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय मदर्स डेच्या दिवशी मोठ्या प्रेमाने वाचतात. त्या अध्यायातली स्त्री शेत पाहून ते विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, आणि त्यासाठी तिने नवऱ्याची परवानगी मागितल्याचा उल्लेख तिथे नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल या ॲपला सर्वाधिक नावे ठेवली जातात, त्या गोष्टीविषयी. आपल्याकडच्या बँकांशी ते जोडलेले नाही आणि फोनवर येणारे बँकेचे संदेश वाचून ते खर्च आपोआप नोंदवत नाही. प्रत्येक नोंद हाताने करावी लागते. असे संदेश वाचून सगळे आपोआप टिपणारे एक ॲप मी यापूर्वी आठ महिने वापरले होते. महिन्याच्या शेवटी त्यातून रंगीत वर्तुळे मिळत, आणि ती वर्तुळे आम्हांला एवढेच सांगत की पैसे गेले. दिवसातून दहा वेळा दुकानातली चौकट फोनने स्कॅन करून पैसे देण्याच्या या काळात पैसा जाताना हाताला जाणवत नाही, ही खरी अडचण आहे. आणि आपोआप नोंद करणारे ॲप ती न जाणवणारी गोष्ट आणखी गुळगुळीत करते. गुडबजेटमध्ये चहाचे वीस रुपये लिहिताना ते कोणत्या पाकिटातून जात आहेत हे मला निवडावे लागते. ते चार सेकंद नकोसे वाटतात, आणि या ॲपची सगळी करामत त्या चार सेकंदांत आहे.

अर्थात रोजच्या धावपळीत हे जमतेच असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत आमच्या नोंदी इतक्या राहून जात की ॲपमधली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांची गाठ पडत नसे; एकदा तर फरक ६,४०० रुपयांचा होता आणि तो कशाचा हे आम्हांला शेवटपर्यंत उलगडले नाही. हा दोष ॲपचा नाही, आमच्या आळसाचा आहे. पुढे आम्ही वेळ ठरवून घेतली. रात्री माझी जपमाळ आणि त्यांचे बायबलवाचन आटोपले की पाच मिनिटे दोघे फोन घेऊन बसतो आणि दिवसाच्या राहिलेल्या नोंदी भरतो. प्रार्थनेला लागूनच हा वेळ ठेवल्यामुळे एक अनपेक्षित फायदा झाला: नुकतीच ‘आमचे अपराध क्षमा कर’ अशी प्रार्थना करून उठलेल्या माणसाला ३८० रुपयांच्या बिर्याणीबद्दल फार कठोर बोलता येत नाही.

पहिले पाकीट कोणते असावे, यावर आमची जी चर्चा झाली तिला मी या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानते. ॲपमध्ये पाकिटांचा क्रम आपल्याला ठरवता येतो. सासूबाईंच्या डब्याचा संस्कार असलेल्या माझ्या पतींचे म्हणणे असे की देण्याचे पाकीट सर्वांत वर हवे, आणि ते कापाकापीच्या आधीच्या पूर्ण पगाराच्या दहा टक्क्यांनी भरले पाहिजे. माझे म्हणणे असे की भविष्य निर्वाह निधी आणि कर वजा होऊन हातात जे येते तेच आपले उत्पन्न. शिवाय कर्जाचा हप्ता असताना दहा टक्क्यांचा आग्रह धरून महिनाअखेरीस कार्डावर किराणा आणणे म्हणजे बँकेच्या पैशातून दशमांश देण्यासारखे आहे. करसवलतीचा प्रश्न आमच्यापुरता नव्हताच, कारण नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या विधवेचा दाखला दोघांनीही दिला. तो दोन्ही बाजूंनी देता येतो हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले: तिने किती टक्के दिले असे विचारले तर उत्तर शंभर येते, आणि किती रुपये असे विचारले तर जवळजवळ काहीच नाही.

तीन रविवार हे चालले. शेवटी क्रमाच्या बाबतीत मी ऐकले आणि रकमेच्या बाबतीत त्यांनी. देण्याचे पाकीट सर्वांत वर आहे, त्याचे नाव आम्ही देवनागरीत ‘पहिले’ असे ठेवले आहे, आणि त्यात दर महिन्याला ९,००० रुपये जातात. त्यांतले ५,००० नगरच्या मंडळीला, २,००० आमच्या इथल्या धर्मग्रामाला आणि उरलेले २,००० अडल्यानडल्या कुणासाठी. ही रक्कम दर जानेवारीत पुन्हा ठरवायची आहे. एकूण हातात येणाऱ्या पैशांच्या मानाने ती नऊ टक्क्यांच्याही किंचित खाली आहे, आणि सासूबाईंना आम्ही ती टक्केवारीत सांगितलेली नाही.

या तिसऱ्या भागाने, म्हणजे २,००० रुपयांच्या त्या राखीव रकमेने, आमच्या घरात मोठा फरक पडला आहे. पूर्वी कामवाल्या मावशींनी मुलाच्या फीसाठी पैसे मागितले की मला आधी महिन्याचा अंदाज घ्यावा लागे, आणि तो अंदाज बहुधा नकाराकडेच झुकत असे. आता पाकीट उघडून पाहायचे. त्यात असले तर द्यायचे, कुणाला विचारायचे नाही. न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्यात तशीच पुढे जाते, त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत त्या पाकिटात सात-आठ हजार साठलेले असतात. त्या पैशाला आधीच नाव दिलेले असल्यामुळे तो देताना हात आखडत नाही.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात रक्कम हलवण्याची सोय आम्ही मनापासून वापरली. वसईच्या माणसाचे ‘मासे-मटण’ हे पाकीट वेगळेच लागते. आमचे तेव्हा ४,५०० रुपयांचे होते. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून पास्कापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, दर शुक्रवारी, आणि जमेल तसे इतर दिवशीही, मांसाहार टाळला की वाचलेले पैसे लगेच ‘पहिले’मध्ये हलवायचे असे ठरवले. लहानपणी आम्ही उपवास करत असू, पण वाचलेले पैसे जात कुठे, हे कुणी पाहत नसे. बहुधा ते पास्काच्या दिवशीच्या जेवणात दुपटीने खर्च होत. या खेपेस चाळीस दिवसांनी १,८५० रुपये जमले आणि ते कॅरिटास इंडिया या कॅथलिक सेवासंस्थेच्या उपवासकाळातल्या मोहिमेसाठी दिले. रक्कम मोठी नाही, पण मुलीने दर शुक्रवारी ती आपल्या हाताने एका पाकिटातून दुसऱ्यात हलवली, आणि एका शुक्रवारी ‘आज पनीर आणले, ते पापलेटपेक्षा स्वस्त आहे का?’ असा तिने विचारलेला प्रश्न आम्हां दोघांनाही निरुत्तर करून गेला.

आता भोपळ्याविषयी. माझ्या पतींच्या मंडळीत कापणीचा सण मोठ्या उत्साहाने होतो. लोक शेतातले, परसातले, घरी केलेले जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्यातून आलेले पैसे चर्चला जातात. या लिलावात वस्तूची किंमत आणि बोली यांचा परस्परसंबंध नसतो, आणि समोर चुलतभाऊ बोली लावत असेल तर मुळीच नसतो. ॲप घेतल्यानंतरच्या पहिल्याच सणाला माझ्या पतींनी एक लाल भोपळा १,४०० रुपयांना घेतला. पैसे तिथल्या तिथे फोनवरून गेले, आणि शिस्तीचे गृहस्थ असल्याने त्यांनी गाडीत बसण्याआधीच नोंद केली: ‘दूध-भाजी’ या पाकिटातून, ‘भोपळा’ या नावाने. पुण्यात माझ्या फोनवर भाजीची पट्टी लाल झाली, तेव्हा कुणीतरी फोन चोरला असावा अशीच माझी पहिली समजूत झाली.

तो खर्च कोणत्या पाकिटाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ते म्हणाले की हे देणेच आहे, तेव्हा ‘पहिले’मधून जाऊ द्यावे. पण त्या महिन्याचे ‘पहिले’ वाटून झाले होते, आणि चुलतभावाला हरवण्यासाठी लावलेली बोली देवाच्या खात्यात लिहावी हे मला पटेना. एकच खर्च अनेक पाकिटांत विभागून दाखवण्याची सोय ॲपमध्ये आहे. आम्ही भोपळ्याचा बाजारभाव ६० रुपये धरून तेवढे भाजीत ठेवले आणि बाकीचे १,३४० त्यांच्या खासगी पाकिटातून वळते केले. प्रत्येकी २,००० रुपयांची अशी दोन खासगी पाकिटे आम्ही ठेवली आहेत. त्यांतून काय घेतले हे कुणी कुणाला विचारत नाही. उरलेला महिना त्यांनी ६६० रुपयांत काढला. त्यानंतर आपल्या खासगी पाकिटातले दीडशे रुपये दर महिन्याला बाजूला काढून त्यांनी ‘लिलाव’ नावाचे एक नवे पाकीट सुरू केले आहे.

वार्षिक खर्चांसाठी पाकिटे ठेवण्याची सोय मला नाताळापुरती तरी वरदान वाटली. नाताळ पंचवीस डिसेंबरलाच येतो, हे शतकानुशतके ठाऊक असूनही आमच्या घरात तो दर वर्षी अचानक येत असे. मुलीचे कपडे, वसईला जाणे, करंज्या आणि केकचे सामान, तारा, गव्हाणीची दुरुस्ती, कॅरोल गात घरी येणाऱ्या मुलांना द्यायचे पैसे, दोन्हीकडच्या भाच्यांच्या भेटवस्तू, हे सगळे मिळून पंचवीस हजारांच्या घरात जाते आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा ते फेडण्यात जात असे. आता फेब्रुवारी ते नोव्हेंबर दर महिन्याला २,५०० रुपये त्या पाकिटात पडतात. गेल्या डिसेंबरात पट्टी लाल झाली नाही असे नाही. झाली, पण ९०० रुपयांनी.

ज्या गोष्टी हे ॲप करत नाही, त्यांतली पहिली अशी की जे त्याला सांगितले नाही ते त्याला कळत नाही. गेल्या वर्षी माझ्या पतींना कारखान्याकडून बोनस मिळाला. तो त्यांनी ॲपमध्ये जमाच केला नाही आणि त्यातले १२,००० रुपये एका नातेवाइकाला परस्पर उसने दिले. त्या नातेवाइकाच्या पत्नीने चार महिन्यांनी फोनवर माझे आभार मानले, तेव्हा मला ते कळले. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्ट आहे: मालमत्ता विकून आलेल्या पैशातला काही भाग दोघांनी मिळून लपवला, आणि सुमारे तीन तासांच्या अंतराने दोघांचाही अंत झाला. संपूर्ण नव्या करारात नवरा-बायकोने एकमताने केलेले आर्थिक नियोजन म्हणून मला तेवढेच आठवते, असे मी त्या संध्याकाळी म्हणाले. ते म्हणाले, निदान तिथे बायकोला माहीत तरी होते. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोनसची नोंद झाली. आता नियम असा आहे की पगाराव्यतिरिक्त आलेला कोणताही पैसा आला त्याच दिवशी ॲपमध्ये जमा करायचा. तो कुठे जावा हे नंतर ठरवता येते.

दुसरे असे की ॲपच्या दृष्टीने घर हा एकच खिसा आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो तसा असेलच असे नाही. म्हापशाला दिलेल्या माझ्या मावसबहिणीच्या घरात हे गृहीतक चपखल बसते, कारण गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या ५अ कलमानेही अशा जोडप्यांचे पगार वगळून इतर उत्पन्न दोघांत निम्मे वाटून धरले होते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती जोडप्याला अशी सामाईकता नाही. आणि इथे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुले असताना विधवेच्या वाट्याला एकतृतीयांश येते, हे आपल्या किती बहिणींना ठाऊक असते याची मला शंका आहे. पडद्यावर सगळी पाकिटे ‘आपली’ दिसू लागल्यावर बँकेतली खाती, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र पाहायचे राहून जाऊ शकते. आमचेही वर्षभर राहिले होते.

बाकीच्या मर्यादा थोडक्यात सांगते. ॲपची भाषा इंग्रजी आहे. पाकिटांची नावे मराठीत ठेवता आली तरी मेनू आणि सूचना इंग्रजीतच येतात, म्हणून सासूबाईंना किंवा माझ्या आईला ते वापरता येणार नाही. विनामूल्य योजनेत एकच खाते असल्यामुळे आम्ही घरखर्चाचे एक संयुक्त खाते ॲपमध्ये धरले आहे आणि आमची पगाराची वेगळी खाती त्याच्या बाहेर आहेत. पगार झाल्यावर दोघेही ठरलेली रक्कम संयुक्त खात्यात वळवतो. मागचा हिशोब वर्षभराचाच राहत असल्याने दोन नाताळांची तुलना करायची तर आधीचे आकडे कुठेतरी उतरवून ठेवावे लागतात. आम्ही ते एका शंभर पानी वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. सशुल्क योजनेत पाकिटांना, खात्यांना मर्यादा नाही आणि हिशोबही अधिक वर्षांचा राहतो, पण तिची वर्गणी डॉलरमध्ये आहे आणि आमच्यासारख्या घराला ती भरण्याआधी विचार करावा लागतो.

ज्या घरात एकच जण कमावतो आणि दुसऱ्याला महिन्याचे पैसे मोजून दिले जातात, तिथे हे ॲप घ्यावे की नाही याबद्दल माझे मत ठाम नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात नवरा बायकोच्या नोंदी ऑफिसात बसून तपासतो आणि दुपारी फोन करून विचारतो. तिने ॲप काढून टाकले, ते योग्यच केले. दोघांना एकमेकांचा खर्च दिसणे ही सोय आहे की पाळत, हे ॲपवर अवलंबून नाही, आणि ज्यांच्या घरात याचे उत्तर आधीच ठाऊक आहे त्यांनी पाकिटे करण्याआधी धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी बोललेले बरे. लग्नपूर्व तयारीच्या वर्गात आम्हांला पैशांवर जेमतेम अर्धा तास मिळाला होता, आणि तोही जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा. त्या अर्ध्या तासात कुणी नवदांपत्यांना एक तारखेची बैठक तरी सांगावी. ॲप नसले तरी वीस जुनी लग्नपत्रिकांची पाकिटे पुरतात.

आमची विसावी जागा गेल्या महिन्यात भरली. पुढच्या वर्षी मुलीचे पहिले कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, आहे. पांढरा पोशाख, जेवण आणि वसईहून येणारी चाळीस माणसे धरता एकविसावे पाकीट लागणार, आणि विनामूल्य योजनेत ते बसत नाही. वर्गणी भरायची नाही, यावर दोघांचे एकमत आहे. मी ‘लिलाव’ बंद करावे असे सुचवले आहे. त्यांचे म्हणणे असे की ‘मासे’ आणि ‘मटण’ ही दोन वेगळी पाकिटे मी उन्हाळ्यात कशासाठी केली, हे आधी स्पष्ट व्हावे. विषय येत्या एक तारखेच्या यादीत घातला आहे.